तव्यावरची मशेरी आणि कॉइलवरची वाफ

वेळणेश्वरसारख्या गावात ‘घरचं’ हा शब्द प्रमाणपत्रासारखा वापरला जातो. कोकमाचे आगळ घरचे, फणसपोळी घरची, कुळथाचे पीठ घरचे. गुहागर तालुक्यातील या गावात शंकराच्या देवळासाठी आणि नारळीच्या बागांआडच्या किनाऱ्यासाठी येणारा पर्यटकही परतताना ‘घरगुती’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली आवर्जून पिशवीत टाकतो. हा विश्वास वेडगळ नाही. आगळ बिघडले तर वास येतो, पिठात अळी दिसते, लोणच्याला बुरा चढतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुकांतून शिकलेले नाक, डोळे आणि जीभ हीच या मालाची तपासणी यंत्रणा आहे आणि ती बऱ्यापैकी काम करते.

याच स्वयंपाकघरात आणखी एक वस्तू वर्षानुवर्षे घरी तयार होत आली आहे. तंबाखू लोखंडी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, साऱ्या घराला ठसका लागला की उतरवायची, कुस्करून डबीत भरायची. ही मशेरी. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने बोटावर येते, मग जेवणानंतर, मग दुपारचे काम उरकल्यावर. तिला व्यसन कोणी म्हणत नाही. बाई ‘मशेरी लावते’, जणू कुंकू लावावे तसे.

आता निकोटिनच्या घरगुती कारखान्याची पुढची पिढी आली आहे. ती तव्यावर नाही, तर बॅटरीवर चालते. व्हेप म्हणजे ई-सिगारेट विकत न घेता तिचे भाग जुळवायचे, तापणारी तार स्वतः गुंडाळायची, द्रव स्वतः मिसळायचा आणि हवा तो स्वाद त्यात घालायचा, असा हा छंद आहे. जगभर त्याचे चाहते आहेत. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी असल्याने इथे या छंदाला ‘दुकानात मिळत नाही, मग घरीच करू’ असे एक वेगळे कारणही मिळते. वेळणेश्वर हे काही व्हेपचे केंद्र नव्हे. पण मोबाइलवरचे व्हिडिओ आणि कुरिअरचा टेम्पो जिथे पोहोचतो तिथे असा छंदही पोहोचू शकतो. शिवाय अशा गावातच या प्रश्नाची खरी अडचण दिसते: घरी बनवलेले निकोटिन सरकारच्या कागदावर येत नाही, डॉक्टरच्याही कागदावर येत नाही.

हे यंत्र समजायला समई पुरेशी आहे. समईत वात तेल शोषते आणि टोकाशी जळते. व्हेपमध्ये कापसाची वात द्रव शोषते, तिच्याभोवतीची तार बॅटरीने तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत जातात. ज्योत नाही, राख नाही. ही तार म्हणजे कॉइल. इस्त्रीत किंवा विजेच्या शेगडीत असते त्याच जातीच्या मिश्रधातूची. द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन, त्यात निकोटिन आणि स्वादद्रव्ये. या मिश्रणाला ‘ज्यूस’ म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला त्याला विक्रीकला चांगली अवगत असावी.

घरी बनवणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. बाजारातल्या चोरट्या मालात काय भरले आहे कोणास ठाऊक. स्वतः बनवले की प्रत्येक थेंब आपल्या माहितीचा. वरवर पाहता हा आगळाच्याच बाटलीचा न्याय झाला. फरक एवढाच की इथे नाक, डोळे आणि जीभ या तिन्ही तपासनिसांना काहीच कळत नाही.

ग्लिसरीनचेच पाहू. महाराष्ट्राला याचा धडा एकदा फार महागात मिळालेला आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील आणि डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन देण्यात आले आणि १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हा पदार्थ रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. दिसायला ग्लिसरीनच. पोटात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी करतो. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची साखळी कशी सडली होती ते चव्हाट्यावर आले. इथे लक्षात घ्यायचे ते इतकेच: ते ग्लिसरीन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातून दिले गेले, आणि बाटलीकडे पाहून कोणालाही काही कळले नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून हेच विष मुलांच्या पोटात गेले. वीसहून अधिक बालके गेली. त्यांतल्या काहींवर उपचार नागपुरात चालू होते. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही, परवानाधारक कारखान्यातूनही हे घडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये ई-सिगारेटची १८ कार्ट्रिज तपासली होती. त्यांतल्या एकात हेच द्रव्य सुमारे एक टक्का सापडले. मग रसायनांच्या दुकानातून सुटे ग्लिसरीन आणणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ‘प्रत्येक थेंब माझ्या माहितीचा’ म्हणावे, हे जरा धाडसाचेच.

बरे, ग्लिसरीन अगदी शुद्ध निघाले असे धरू. मग स्वाद येतात, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते. व्हॅनिला, आंबा, वेलची, लोणी हे इसेन्स आइस्क्रीमवाला वापरतो, बेकरीवाला वापरतो, घरोघरी केकमध्ये पडतात. बाटलीवर ते खाण्यास योग्य असल्याचे छापलेले असते आणि ते खरेही असते. पण ते प्रमाणपत्र पोटासाठी दिलेले आहे. पोटात आम्ल आहे, आतडी आहेत, पुढे यकृत आहे; आलेला माल तिथे तपासला जातो, तोडला जातो, बाहेर टाकला जातो. फुफ्फुसात असा बंदोबस्त नाही. तिथला पडदा अतिशय पातळ असतो, हवेतला प्राणवायू रक्तात सहज जावा म्हणून. जे आत येते ते थेट त्या पडद्यावर बसते.

लोण्याच्या स्वादाची गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ कामगारांना २००० साली फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा दुर्मीळ आजार झाल्याचे लक्षात आले. कारण निघाले डायअसिटिल, लोण्याचा वास देणारे रसायन. पॉपकॉर्न खाणाऱ्याला त्याचा त्रास नव्हता. वाफ हुंगत काम करणाऱ्याला होता. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्वादयुक्त ई-सिगारेटचे ५१ नमुने तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअसिटिल आढळले. व्हेपमुळे तोच आजार होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तसे ओरडून सांगणारे अतिशयोक्ती करतात. पण गोड, साईसारख्या स्वादाच्या बाटलीत ते असू शकते, आणि घरी मिसळणाऱ्याला ते मोजण्याचे साधन नाही, एवढे मात्र खरे.

तेलाचा धोका कोकणात समजावून सांगणे सोपे आहे. तान्ह्या बाळाची टाळू भरताना नाकातही दोन थेंब तेल सोडायची जुनी रीत आहे. बालरोगतज्ज्ञ ती सोडायला सांगतात, कारण ते तेल श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसात साचून न्यूमोनिया होतो. खोबरेल खाल्ले तर अन्न, श्वासात गेले तर आजार. तेलात विरघळवलेला इसेन्स व्हेपमध्ये टाकणारा नेमके हेच करतो, रोज, अनेकदा.

कॉइल हा या छंदाचा अभिमानाचा भाग. तार कशी गुंडाळली, किती वेढे दिले, ढग किती मोठा निघाला, याच्या स्पर्धा परदेशात होतात. हाताचे कौशल्य त्यात आहेच, ते नाकारायचे कारण नाही. पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज व्हेप करणाऱ्या ५६ जणांची स्वतःची यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण कमी होते. तोच द्रव तारेवरून गेल्यावर निघालेल्या वाफेत ते वाढलेले होते. म्हणजे धातू तारेतून आणि तिच्या जोडांतून येत होते. द्रव कमी पडून वात कोरडी झाली की आणखी वाईट. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल करपून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिनसारखी द्रव्ये तयार होतात. अशा झुरक्याची चव इतकी घाण असते की माणूस सहसा तो सोडून देतो. या साऱ्या प्रकरणात जीभ उपयोगी पडते ती बहुधा इथेच.

मग बॅटरी. हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल तर ४.२ अँपिअर प्रवाह वाहील. ढग मोठा हवा म्हणून रोध ०.२ ओहमवर आणला की प्रवाह २१ अँपिअर होतो, ०.१ ओहमवर ४२. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला बोटाएवढा सेल इतक्या प्रवाहासाठी बनवलेलाच नसतो. काही यंत्रांत प्रवाह तोडणारे सर्किट असते. निव्वळ धातूच्या नळीत बसवलेल्या साध्या यंत्रात तेही नसते. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये तोंडाशी धरलेल्या व्हेपचा स्फोट होऊन माणसे मेली. त्यात खाऱ्या हवेत संपर्क गंजतात, हे किनाऱ्यावर सायकल ठेवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. ओहमच्या नियमाची ही तोंडी परीक्षा कोणी द्यावी असे वाटत नाही.

या सर्वांहून घरातल्या इतरांना धोका आहे तो निकोटिनच्या बाटलीचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात एका सिगारेटमधून साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटिन जाते. मिसळण्यासाठी परदेशात विकल्या जाणाऱ्या तीव्र द्रवात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. निकोटिन कातडीतूनही शोषले जाते. तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्या त्यामुळेच. हे द्रव्य आपल्याकडे कीटकनाशक म्हणून वापरले गेलेले आहे, हेही विसरू नये. प्रौढ माणसाला किती मात्रा घातक ठरते याचा जुना ६० मिलिग्रॅमचा आकडा फार कमी धरलेला होता, प्रत्यक्षात ती अर्ध्या ग्रॅमच्या वर असावी, असे ऑस्ट्रियातील एका औषधशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये दाखवून दिले. तरीही तीव्र द्रवाच्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत एक ग्रॅम बसतो. मिसळताना दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट. आणि बाटलीला वास आंब्याचा असेल तर घरातले रांगते मूल काय करील? डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे बाळ असेच द्रव निकोटिन पोटात जाऊन दगावले. त्यानंतर अमेरिकेत अशा बाटल्यांना मुलांना उघडता न येणारे झाकण सक्तीचे झाले. घरी भरलेल्या बाटलीला मात्र झाकण घरातलेच असते.

इथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना व्हेपने मदत होते, निकोटिनच्या च्युइंगम-पट्ट्यांपेक्षाही अधिक, असा पुरावा संशोधनात आहे, आणि ब्रिटनची आरोग्यसेवा त्याचा उपयोग करते. धूम्रपानापेक्षा व्हेप कमी अपायकारक, हेही तिथले तज्ज्ञ म्हणतात. पण त्यांचे म्हणणे नियमांत बांधलेल्या मालाविषयी आहे: द्रवात निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, निकोटिनची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको, जीवनसत्त्वासारखे काही पदार्थ द्रवात घालायलाच बंदी. वेळणेश्वरच्या माडीवर ढवळलेल्या बाटलीला ब्रिटनचा दाखला लावता येत नाही. शिवाय महाराष्ट्राचा प्रश्न मुळात वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. इथला तंबाखू चघळला जातो, दातांना लावला जातो. सिगारेटला पर्याय म्हणून व्हेप, हा युक्तिवाद जिथे मुळात सिगारेट ओढणारेच थोडे आहेत तिथे फार लांब जात नाही. ज्याने कधी बिडीही ओढली नाही त्या मुलाला तो नवे व्यसन देऊन जातो, एवढेच.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते ओढणे हा गुन्हा म्हणून त्यात लिहिलेले नाही. मात्र उत्पादनाच्या व्याख्येत ई-सिगारेट किंवा तिचा कोणताही भाग बनवणे व जुळवणे येते, आणि द्रवात निकोटिन असो वा नसो, उपकरण त्याच व्याख्येत बसते. शब्दशः पाहिले तर माडीवर तार गुंडाळणारा विद्यार्थी ‘उत्पादक’ ठरतो. विकत आणून ओढणारा ठरत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाने आणि आयातदार होते, हे उघड आहे. बंदी चुकीची आहे असे म्हणण्याचे कारण नाही. नव्या व्यसनाचा बाजार मोठा होण्याआधी तिने त्याला अटकाव केला. पण बंदीने एक तोटाही केला. ज्याच्या हातात ती वस्तू आहे तो घाबरून गप्प बसतो, आणि डॉक्टरसमोर गप्प बसणे हे फार धोक्याचे.

अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात काय झाले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विस्कॉन्सिन आणि इलिनॉय राज्यांत धडधाकट तरुण धाप, खोकला, ताप, उलट्या घेऊन दाखल होऊ लागले. एक्स-रे न्यूमोनियासारखा, पण जंतू सापडेना. प्रतिजैविकांनी काही होईना. तिथल्या डॉक्टरांनी मुलांना पुन्हा पुन्हा, घरच्यांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा समान धागा निघाला: सगळे व्हेप करत होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा रुग्णांची नोंद २,८०७ वर गेली आणि ६८ मृत्यू झाले. मुख्य संशयित निघाले व्हिटॅमिन ई अॅसिटेट, गांजाच्या अर्काचा द्रव दाट दिसावा म्हणून चोरट्या बाजारात घातलेले तेलकट द्रव्य. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसांतील द्रवात ते सापडले. गोळीतून घेतले तर जीवनसत्त्व, क्रीममधून लावले तर त्वचेला चांगले. ते मिसळणाऱ्यानेही कदाचित असाच विचार केला असेल.

हाच रुग्ण जुलै महिन्यात गुहागर तालुक्यात आला तर? ताप आणि धाप पाहून कोकणातला डॉक्टर आधी लेप्टो, मलेरिया, न्यूमोनिया यांचा विचार करणार, आणि ते योग्यच आहे. सोबत आई किंवा काका उभे. ‘बिडी-सिगारेट?’ असे विचारले की मुलगा मान हलवणार, आणि तो खोटे बोलत नसणार. त्याने सिगारेट ओढलेलीच नाही. सीटी स्कॅन किंवा अतिदक्षता विभाग म्हटले की चिपळूण, डेरवण किंवा रत्नागिरी गाठायचे. पावसातल्या त्या रस्त्याआधी एक योग्य प्रश्न विचारला गेला तर मधले दोन दिवस वाचू शकतात.

हे काल्पनिक वाटत असेल तर मशेरीकडे पाहावे, कारण तिच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. दवाखान्यातला हा संवाद कोकणात कोणालाही ओळखीचा वाटेल.

‘काकू, तंबाखू खाता का?’

‘नाय ओ डॉक्टर, तंबाखू नाय खात. मशेरी लावते तेवढी.’

बऱ्याचदा दुसरे वाक्य येतच नाही. आशा सेविका तिशीपुढच्या व्यक्तींसाठी जो तपासणी फॉर्म भरतात, त्याच्या राष्ट्रीय नमुन्यात धूम्रपान आणि धूरविरहित तंबाखूविषयीचा प्रश्न आहे, पण उदाहरणादाखल नावे आहेत गुटखा आणि खैनी. वेळणेश्वर-हेदवीच्या वाडीतल्या आजीला त्यातले एकही नाव स्वतःचे वाटणार नाही. ती ‘नाही’ म्हणणार, सेविका ‘नाही’ लिहिणार, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असलेली बाई कागदावर निर्धोक ठरणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतांशी मशेरी लावणाऱ्या, मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही अधिक झाली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तव्यावरच्या मशेरीला ती लागू कशी करणार? पोलीस स्वयंपाकघरात जाऊ शकत नाहीत, आणि जाऊही नये.

जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे प्रश्न पोहोचू शकतो. त्यासाठी नवे खाते, नवी योजना, नवा निधी काही लागत नाही. आशा सेविकेने ‘तंबाखू’ या शब्दावर न थांबता मशेरी, मळलेला चुना-तंबाखू, तपकीर, गुडाखू अशी नावे घेऊन विचारावे. फॉर्ममध्ये ती नावे छापली गेली तर उत्तमच, पण फॉर्म बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. डॉक्टरांनी धाप लागलेल्या तरुणाला घरच्यांपासून बाजूला घेऊन ‘वाफ, पेन, पॉड, हुक्का, काही घरी बनवलेले?’ असे विचारावे, आणि हे पोलिसांना सांगण्यासाठी विचारत नाही, हे आधी स्पष्ट करावे. कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही, ही गोष्ट दवाखान्यात उपयोगी पडू शकते. ती मोकळेपणाने सांगायला हवी. शाळा-महाविद्यालयांतही ‘व्हेप वाईट’ असे फलक लावण्यापेक्षा ओहमच्या नियमाच्या तासाला ०.१ ओहमच्या कॉइलचे गणित फळ्यावर सोडवून दाखवले तर मुलांच्या डोक्यात ते जास्त टिकेल. असे गणित घालणाऱ्या शिक्षकावर कोणी पालक तक्रार घेऊन जाणार नाही, अशी आशा.

घरात आधीच असे काही असेल तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. निकोटिनची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवावी. द्रव हातावर सांडला तर साबण-पाण्याने लगेच धुवावा. मुलाच्या तोंडात गेला तर उलटी होण्याची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे. सुटा सेल नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात ठेवू नये. खोकला, धाप, छातीत दुखणे सुरू झाले तर ओढणे त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना काय, किती दिवस आणि कशात मिसळून ओढले ते सांगावे. शक्य असेल तर बाटलीही न्यावी. अमेरिकेत व्हिटॅमिन ई चा माग लागला त्यात रुग्णांनी आणून दिलेल्या उरलेल्या द्रवाचाही वाटा होता.

सोडायचे असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर आहे. तिचे एक केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असून मराठीतून बोलता येते. मशेरी सोडू पाहणाऱ्या काकूंसाठीही हाच क्रमांक आहे. फोन लावल्यावर ‘तंबाखू नाही, मशेरी’ असे सांगितले तरी चालेल.